सोळा आकडे मोठ्यानं वाचायला लावू नका

प्रति,
नागपुरात कॉल सेंटर चालवणारे आणि आपली कामं त्यांच्याकडून करवून घेणारे सर्व संचालक, व्यवस्थापक व क्लायंट मंडळी

विषय : फोनवर पैसे भरणाऱ्यांच्या कार्डाचे आकडे आमच्या कानावर न येऊ देण्याबाबत

महोदय, महोदया,

मी लोकांचे फोन ऐकण्याचा पगार घेते. चोरून नाही. ‘आपला कॉल गुणवत्ता व प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ असं फोनच्या सुरुवातीला ऐकू येतं ना, त्यातली ‘गुणवत्ता’ म्हणजे मी. आधी परसोडीचा आयटी पार्क, मग मिहानकडची एक इमारत, अशी दोन्हीकडे मिळून अकरा वर्षं झाली. पहिली चार फोन घेण्यात गेली, पुढची सात ऐकण्यात. तेव्हा हे पत्र बाहेरच्या माणसाची तक्रार समजू नका. हे तुमच्याच फ्लोअरवरून, दुसऱ्या हेडसेटवरून आलेलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक रेकॉर्डिंग माझ्या वाट्याला आलं. विम्याच्या हप्त्याचं. बोलणारे काका यवतमाळकडचे असावेत. मागे कूलरची घरघर, मध्येच कुकरची शिट्टी. फोन घेणाऱ्या आमच्या मुलानं कार्डाचा नंबर विचारला. काका म्हणाले, ‘थांब बेटा,’ आणि आत हाक मारली, ‘अवो, माहा चष्मा आन बरं.’ चष्मा आला. मग त्यांनी चार-चार आकडे करून सगळा नंबर वाचला. मुलानं तो परत म्हणून दाखवला, कारण स्क्रिप्टमध्ये तसंच लिहिलेलं आहे. मग महिना आणि वर्ष. मग ‘सर, कार्डाच्या मागचे तीन आकडे’. काकांनी कार्ड उलटवलं. ‘लय बारीक लिवलंय बाप्पा,’ म्हणाले, आणि तेही वाचून दिले.

आमच्याकडे पैसे भरायचं पान उघडलं की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. कागदावर ही सोय झकास आहे. त्या दिवशी पान उघडायला वेळ लागत होता. कॉल लांबला की महिन्याच्या आकड्यात दिसतो आणि टीएलकडून, म्हणजे टीम लीडरकडून, ऐकून घ्यावं लागतं, म्हणून मुलानं शहाणपण केलं : सगळे आकडे आधीच विचारून नोटपॅडवर टाइप करून ठेवले. पान उघडलं, रेकॉर्डिंग थांबलं, पण झाकण लागेपर्यंत सांडायचं ते सांडून गेलं होतं. दीड मिनिटाच्या शांततेनंतर आवाज परत आला तेव्हा काका मुलाला आशीर्वाद देत होते.

मी त्या कॉलला ९४ मार्क दिले. नमस्कार बरोबर, आवाजात आपुलकी, पॉलिसी नंबरची खात्री केली, शेवटी ‘आणखी काही मदत’ विचारलं. आमच्या तक्त्यात ‘फेटल’ नावाचा रकाना असतो. त्यातली चूक झाली की बाकी कॉल कितीही चांगला असो, मार्क शून्य. ग्राहकाचं नाव चुकीचं घेतलं तर फेटल. होल्डवर ठेवण्याआधी परवानगी नाही घेतली तर आमच्या एका क्लायंटकडे तेही फेटल. आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या कार्डाचा नंबर, तारीख, सीव्हीव्ही म्हणजे मागचे ते तीन आकडे, असं सगळं स्पष्ट आवाजात सर्व्हरवर जाऊन बसलं, त्याला तक्त्यात रकानाच नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘रिमार्कमध्ये टाक.’ टाकलं. ते रेकॉर्डिंग पुढे पुसलं गेलं की नाही, मला कोणी सांगितलं नाही. काकांना तर नक्कीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोराला ट्रेनिंग द्या. दिलं. वॉर्निंगही दिली. पण माझं म्हणणं पोराबद्दल नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तो प्रश्नच विचारला जाऊ नये. कार्डाचा नंबर तोंडानं सांगा, हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये राहू नये.

का, ते माझ्या मावशीनं मला शिकवलं. ती नागपुरातल्या महाल भागात राहते. शिक्षिका होती, निवृत्त झाली, हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की. तिला दोन वर्षांपूर्वी फोन आला. बोलणारी बाई गोड, शुद्ध, घाई न करणारी. कार्डाची मुदत संपतेय, नूतनीकरण करायचंय, नंबर सांगा. मावशीनं सांगितला. ओटीपीही सांगितला. एकोणीस हजार गेले. मी संध्याकाळी तिच्याकडे पोचले ती रागातच. ‘मावशी, बँक ओरडून ओरडून सांगते, नंबर कोणाला सांगू नका, आणि तू...’ तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, ‘तूच तर सांगत होती ना, तुमच्या इथं पण नंबर विचारतात म्हणून? ती तुमच्यासारखीच तर बोलून राहिली होती.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

एकीकडे रिझर्व्ह बँक जाहिराती करते, बँका एसएमएस पाठवतात : नंबर, सीव्हीव्ही, पिन, ओटीपी कोणालाही सांगू नका. ‘कोणालाही’ या शब्दाला अपवाद नसतो. दुसरीकडे आम्ही, खरीखुरी कंपनी, खऱ्याखुऱ्या नंबरावरून, त्याच माणसाला म्हणतो, सर, सोळा आकडे सांगा. म्हणजे लोकांना फोनवर आकडे वाचायची सवय आम्ही लावतो आणि तिचं पीक दुसरा कापून नेतो. खरा फोन आणि खोटा फोन जर एकच प्रश्न विचारत असतील तर ऐकणाऱ्यानं फरक ओळखायचा कशावरून? आवाजावरून? त्या बाईचा आवाज आमच्या निम्म्या फ्लोअरपेक्षा चांगला होता, मावशीच म्हणते. खऱ्यानं विचारणं सोडलं तरच विचारणारा खोटा ठरेल.

आणि नुकसान कोणाच्या पदरात पडतं तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्याच कोणाचा आहे, अशा वेळी ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर त्याच्यावर बोजा पडत नाही. पण ग्राहकानं स्वतःच आपली माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. मावशीला बँकेत हेच वाचून दाखवलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावला होता, पण तोवर चार तास होऊन गेले होते आणि पैसे पुढे सरकले होते. आता मला सांगा, आमच्या काकांचं कार्ड उद्या कुठं वापरलं गेलं तर? ‘तुम्ही नंबर कोणाला सांगितला होता का?’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील. तो ‘हो’ त्यांच्याकडून आपण वदवून घेतला आहे.

ओटीपी असताना नुसत्या नंबरानं काय होतं, हा प्रश्न मला कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मार्क कसे द्यायचे ते जुळवून घेण्याच्या, मीटिंगमध्ये एका साहेबांनी विचारला होता. प्रश्न वाईट नाही. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन आणि २०११ पासून फोनवरच्या आयव्हीआर (यंत्राच्या आवाजानुसार बटणं दाबून होणाऱ्या) व्यवहारांना ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते, हे खरं. पण परदेशातल्या कितीतरी वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत. नंबर, तारीख आणि ते तीन आकडे असले की काम झालं. म्हणून तर २०२० मध्ये नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवायचा नियम आला. ज्यानं मुलाची फी किंवा फिरायला जाण्यासाठी ते बटण चालू केलं आणि बंद करायचं विसरला, त्याचं काय? आणि रात्रपाळीतल्या प्रोसेसमध्ये (एका क्लायंटच्या कामाला आम्ही प्रोसेस म्हणतो) तर फोन करणारा ग्राहकच परदेशातला. त्याच्या कार्डाला बऱ्याचदा एवढंच पुरतं. तिथं आमच्या पोरांच्या कानावर जे पडतं ती तिजोरीची किल्लीच असते.

तुमची सुरक्षा मला तोंडपाठ आहे, मी रोज तिच्यातून आत जाते. दारावर गार्ड. मोबाईल लॉकरमध्ये, घड्याळ लॉकरमध्ये, पर्स लॉकरमध्ये. पेन, पेन्सिल, कागदाचा कपटा आत नेता येत नाही. टिश्यू पेपरसुद्धा मागून घ्यावा लागतो. एकदा एका मुलीच्या तळहातावर पेनानं नंबर लिहिलेला दिसला म्हणून तिला वॉर्निंग लेटर मिळालं. मेडिकलच्या ओपीडीत आईचा नंबर लावून ती थेट शिफ्टवर आली होती, तोच नंबर. याचा राग नाही, नियम असावेत. पण कान लॉकरमध्ये ठेवता येत नाहीत. आमच्याकडे एक मुलगा होता, पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर बघून कोण आलंय, कोण नाही ते सांगायचा, साठ-सत्तर गाड्या सहज. तो सरळ होता, त्यानं कधी काही केलं नाही. पण चार-चारचे चार घास लक्षात ठेवायला त्याला टिश्यू पेपर लागला नसता. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओतल्या लोकांनी अमेरिकन बँकेच्या खातेदारांशी गोड बोलून त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. त्या गोष्टीला वीस वर्षं उलटली. त्यानंतर आपण दारावरची झडती वाढवत नेली, आत विचारायचा प्रश्न मात्र तोच ठेवला.

२०२० च्या मार्चनंतर तर दारही राहिलं नाही. कॉम्प्युटर ऑम्नी गाडीत घालून पोरांच्या घरी पोचवले. मानेवाड्यातल्या एका मुलीचे तेव्हाचे कॉल मी ऐकले आहेत : एका कोपऱ्यात ती, दुसऱ्या कोपऱ्यात भावाचा ऑनलाइन वर्ग, आणि मध्ये ती ग्राहकाचा नंबर खात्री करण्यासाठी परत म्हणतेय. भावाच्या वर्गातल्या बाईंनी विचारलं, ‘हे कोण आकडे म्हणतंय?’ तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

झडतीचा खरा उपयोग कशाला होतो, तेही सांगते. तक्रार आली की पहिला प्रश्न ‘एजंट कोण होता?’ आयडी काढला जातो, मुलाला फ्लोअरवरून उठवून एचआरच्या काचेच्या खोलीत बसवलं जातं. येणारा-जाणारा बघतो. एका मुलाला असं दोन दिवस बसवलं होतं. नंतर निघालं की त्या ग्राहकानं तोच नंबर त्याच आठवड्यात आणखी दोघांना सांगितला होता. मुलाला परत कामावर घेतलं, पण ‘चुकलं आमचं’ असं कोणी म्हटलं नाही. महिनाभरात त्यानं राजीनामा टाकला. पंधरा-सोळा हजारांच्या पगारात माणसाच्या कानावर लाखोंचं जोखीम टाकायचं आणि काही झालं की त्यालाच काचेत बसवायचं. नंबर त्याला ऐकूच आला नसता तर त्याच्यावर संशयही आला नसता. ग्राहकाइतकीच ही सोय आमच्या पोरांसाठी हवी आहे, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

सोय आहे का? आहे, आणि नवी नाही. ग्राहकानं आकडे बोलायचे नाहीत, फोनच्या बटणांवर दाबायचे. प्रत्येक बटणाला दोन सुरांचा मिळून एक आवाज असतो. पाच दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजतात, सहाची जोडी वेगळी, शून्याची वेगळी. हे सूर जर एजंटपर्यंत किंवा रेकॉर्डिंगपर्यंत पोचू दिले तर बोलण्यात आणि दाबण्यात काही फरक राहिला नाही, कारण सुरांवरून आकडा ओळखणारं सॉफ्टवेअर कोणालाही मिळतं. म्हणून मध्ये एक यंत्रणा बसवतात. ती खरे सूर वाटेतच उचलून थेट पेमेंट गेटवेकडे, म्हणजे पैसे वळते करणाऱ्या यंत्रणेकडे, देते आणि एजंटच्या कानात सगळ्या बटणांना एकसारखा सपाट ‘टूं’ सोडते. एजंटला स्क्रीनवर फक्त चांदण्या दिसतात : एक, दोन, तीन... सोळा. ग्राहक अडखळला, एखादा आकडा चुकला, तर एजंट लाइनवरच असतो, म्हणतो, ‘काका, पुन्हा एकदा दाबा.’ रेकॉर्डिंगही थांबवावं लागत नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही येतच नाही.

मी ही यंत्रणा एका परदेशी प्रोसेसवर सहा महिने जवळून पाहिली आहे, म्हणून तिची खोडही सांगते. माणसं आकडे दाबताना सोबत बोलतात. मोबाईल कानापासून काढतात, स्पीकर चालू करतात, एक-एक बटण दाबतात आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणतात. माझे बाबासुद्धा असेच दाबतात. मग एजंटला लगेच मध्ये पडावं लागतं, ‘बोलू नका, फक्त दाबा.’ हे सौजन्याच्या तक्त्यात ‘ग्राहकाला मध्येच तोडलं’ म्हणून मार्क कापण्यासारखं असतं. तर तिथं मार्क कापू नका, वाढवा. दुसरं, स्मार्टफोनवर कॉल चालू असताना कीपॅड गायब होतो. ‘बटणं कुठं गेली माय?’ हा प्रश्न दिवसातून दहादा येतो. त्याचं उत्तर स्क्रिप्टमध्ये असलं पाहिजे, आणि तेवढ्या वेळात लाइन तुटू नये. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी शाखेत भरायची किंवा घरच्या माणसाबरोबर नंतर फोन करायची वाट मोकळी ठेवा. त्यांच्या नावाखाली बाकी सगळ्यांना बोलायला लावायचं कारण नाही.

आपल्या इथल्या ग्राहकांसाठी याहून सोपं आहे. एजंटनं आपल्या स्क्रीनवर पेमेंटचं पान उघडून ग्राहकाचे आकडे स्वतः टाइप करायचे आणि वर ओटीपीही तोंडी विचारायचा, ही जी पद्धत काही ठिकाणी आजही चालू आहे, ती उद्या सकाळी बंद करा. यासाठी एकही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. फोन आयव्हीआरकडे वळवा, किंवा लिंक पाठवा, ग्राहक आपल्या मोबाईलवर यूपीआयनं भरेल. लिंकलाही लोक भितात आणि भ्यायलाच हवं, चोरही लिंकच पाठवतो. म्हणून लिंकबरोबर पॉलिसी नंबरचे शेवटचे आकडे आणि रक्कम असावी, आणि एजंटनं स्वतःहून म्हणावं, ‘शंका असेल तर फोन ठेवा, पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरावर तुम्हीच लावा.’ त्यानं दोन कॉल वाढतील. वाढू द्या.

एक प्रसंग सांगायचा राहिला. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइननं बर्डीला जात होते. सुभाष नगरला एक गृहस्थ चढले, कानाला फोन, हातात कार्ड. शंकर नगर येईपर्यंत अख्ख्या डब्याला त्यांचा नंबर पाठ झाला होता. मेट्रोत आवाज कमी, एसीचा बंदिस्त डबा, त्यामुळे तारीखही नीट ऐकू आली. समोर बसलेली एक शाळकरी पोरगी त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती, पाढे म्हणावेत तसे. पलीकडून कोणीतरी ‘एकदा परत सांगता का सर’ म्हणालं असणार, कारण त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ते ‘कोणीतरी’ चोर असेल किंवा आमच्यातलंच असेल. डब्यातल्या कोणालाही सांगता आलं नसतं. मी झाशी राणी चौकात उठता उठता त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, ‘काका, हळू.’ त्यांनी मलाच संशयानं पाहिलं.

आता कायद्याचं. तुमच्याकडे वकील आहेत, म्हणून थोडक्यात. कार्ड कंपन्यांचं जे पीसीआय डीएसएस नावाचं मानक आहे, २००४ पासूनचं, ते सांगतं की व्यवहार मंजूर झाला की सीव्हीव्ही कुठंही, कुलूपबंद करूनसुद्धा, साठवायचा नाही. आवाजाचं रेकॉर्डिंग त्यातून सुटत नाही. फोनवरच्या पेमेंटसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, ती २०१८ मध्ये नव्यानं लिहिली गेली. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं जाळं चालवणाऱ्या कंपन्या सोडून कोणालाही पूर्ण नंबर साठवायला बंदी केली, म्हणून तर ऑनलाइन दुकानांना टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी दिलेला बदली नंबर, वापरावं लागतं. मला कायदा कळत नाही, पण सर्व्हरवर काकांच्या आवाजात पडून असलेला नंबर हा साठवलेला नंबर नाही, असं मला कोणीतरी समजावून सांगावं. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले : त्यात सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जातो, आणि काम बाहेर दिलं म्हणून मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. कारण गेली सात वर्षं मी एकच खो-खो बघते आहे. क्लायंटला विचारलं तर म्हणतो, ते व्हेंडरचं, म्हणजे कॉल सेंटरचं काम, करारात लिहिलंय. व्हेंडरला विचारलं तर म्हणतो, क्लायंटनं त्याचे पैसे दिलेले नाहीत. दोघांच्या मध्ये काकांचा चष्मा. पुढच्या करारात एक ओळ घाला की कार्डाचे आकडे तोंडी घेतले जाणार नाहीत, आणि त्यासाठी लागणारा खर्च प्रति कॉल दरात धरा. सीटमागे खुर्च्यांचा, कॅबचा, सुपारीएवढ्या लाडवांसह दिवाळीच्या डब्याचा खर्च धरता, हाही धरा.

जुन्या रेकॉर्डिंगचं मात्र मला रात्री सुचत राहतं. पूर्वी कोणाला आमच्या साठ्यातून कार्डाचे नंबर काढायचे असते तर माणसं बसवून हजारो तास ऐकावं लागलं असतं. तो कंटाळाच एक प्रकारचं कुलूप होता. आता प्रत्येक कॉलचा मजकूर यंत्र आपोआप लिहून काढतं, आम्हाला बरं पडावं म्हणून. शोधायच्या चौकटीत ‘सीव्हीव्ही’ टाकलं की त्या शब्दाचे सगळे कॉल ओळीनं उभे राहतात. मी एकदा टाकून पाहिलं. पहिलं पान बघितलं आणि खिडकी बंद केली. किती निघाले ते इथं लिहीत नाही, ज्यांना सांगायचं त्यांना लेखी सांगितलं आहे. तुमच्याकडेही कोणाला तरी हे करून बघायला सांगा, आणि त्यातले आकडे आवाजातून आणि मजकुरातून, दोन्हीकडून पुसून घ्या. वर्षानुवर्षं ठेवायची सक्ती असेल तर संभाषण ठेवा. आकडे ठेवायची सक्ती कोणीच केलेली नाही.

आणि ते पहिलं वाक्य, ‘गुणवत्ता व प्रशिक्षणासाठी’वालं. त्याच्यापुढे आणखी एक जोडा, मराठीत आणि हिंदीत : आम्ही तुम्हाला कार्डाचा नंबर किंवा ओटीपी कधीही तोंडी विचारणार नाही, कोणी विचारला तर फोन ठेवा. सात-आठ सेकंद लागतात, मी मोजले आहेत. हे वाक्य मावशीनं एका खऱ्या कंपनीकडून चार वेळा ऐकलं असतं तर पाचव्या फोनला ती बाई कितीही गोड बोलली असती तरी मावशीनं तिची शिकवणी घेतली असती. मी माझ्या मावशीला ओळखते.

हे पत्र वाचून मीटिंग बोलवाल, त्याआधी एक करा. आपल्याच कॉल सेंटरच्या नंबरावर फोन लावा. केबिनमधून नको, दुपारच्या सुट्टीत आयटी पार्कसमोरच्या गल्लीत, तर्री-पोह्याच्या गाडीजवळ उभं राहून लावा, आजूबाजूला पंचवीस-तीस पोरं असतील. हप्ता भरायचा आहे म्हणून सांगा. पोरानं नंबर विचारला की स्वतःचं कार्ड काढा आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात करा.

आपली,
एक क्वालिटी अ‍ॅनालिस्ट, नागपूर